न चिकटणारी पट्टी

प्रिय धाकट्या,

तुझे फोन मी उचलले नाहीत. रागावू नकोस. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या पट्टीचं पेटंट पुन्हा नाकारलं. तपासनीसाचं म्हणणं तेच: भाजलेल्या जखमेवरचा लेप एका जुन्या शोधनिबंधात आहे, विणलेली जाळी दुसऱ्यात; दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचलं असतं. आणि पट्टी कातडी न ओढता निघते, हा गुण आपण घातलेलाच नाही, तो त्या जोडीत मुळातच आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मुळातच आहे म्हणजे दर वेळी तसंच व्हायला हवं. त्या निबंधांतल्या जुन्या कृतीची एक जरी पट्टी चिकटली, तरी त्यांचा मुद्दा गेला." मी हरखलेच. पट्टी चिकटू नये म्हणून ती मंद आचेवर वाळवायला शिकण्यात आपली उमेदीची वर्षं गेली होती ना!

मग प्रयोगशाळेत जुन्या कृतीबरहुकूम पट्ट्या केल्या. घाईने वाळवल्या, जाड केल्या, पातळ केल्या. नकली जखमेवर लावून सोलल्या. एकही चिकटली नाही रे. शेवटची दाबून बसवताना मी मनात म्हटलं, चिकट गं बाई एकदाची. तीही अलगद हातात आली. तिथेच स्टुलावर बसून राहिले.

निकाल लपवायचा नाही, हे मी वकीलबाईंना सांगितलं. त्या डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरा मुद्दा भक्कम आहे. दोन्ही निबंध तीस वर्षं जगासमोर होते, तरी ते जोडायचं कुणाला सुचलं नाही. तसं प्रतिज्ञापत्र द्या."

त्या निबंधांच्या तारखा पाहिल्यास? दोन्ही आई भाजली त्याच्या आधीचे. लाँड्रीतली वाफ अंगावर आल्यावर तिची पट्टी रोज बदलायचे. वाळलेलं कापड ओढलं की कातडीही सोबत यायची. मी दाराबाहेर कानांत बोटं घालून उभी असायचे. शेवटी तिने नर्सचा हातच धरून ठेवला, "नको गं, राहू दे तशीच." राहू दिली. जखम चिघळली आणि आई गेली. सगळं साहित्य होतं, धाकट्या. नुसतं कुणाला सुचलं नाही. आणि तेच मी आपली बाजू म्हणून लिहून द्यायचं?

माझ्याने सही होत नाही. तुला तेव्हा मावशीकडे ठेवलं होतं. आईचा तो आवाज तुझ्या कानांत नाही. कागद सोबत पाठवतेय. सही तू कर.

तुझीच,
ताई