बाबांना ओढेल अशी पुली

६ जून
पुन्हा दुकानात जाऊन आले. पुली न घेता! दुकानदार आता मला बघूनच हसतो. "ताई, दोन्ही चांगल्या आहेत हो. घेऊन टाका एक." एक साधी, हलकी. दुसरी बेअरिंगवाली, आतून दात असलेली — दोर ओढला की पुढे येतो, हात सुटला तरी मागे जात नाही. दुकानदाराचं काय जातंय? बर्फाच्या भेगेत लटकलेले बाबा त्याला दिसत नाहीत. मला भाजी चिरतानाही दिसतात.

७ जून
कशाला हो म्हणाले मी! बाबा — माझे सासरे — दरवर्षी हिमनदीवर जातात, बर्फ किती वितळला ते मोजायला. यंदा जोडीदाराचे गुडघे गेले, आणि मी उत्साहात हात वर केला. एका दोराला बांधलेले आम्ही दोघंच. बाबा धिप्पाड, मी काडी. ते भेगेत पडले की वर मी एकटी.
बाबा म्हणे, "आमच्या वेळी कुठल्या पुल्या? नुसत्या कॅराबिनरच्या कडीतून दोर ओढायचो."
"कोणाला ओढलंत?"
"...तशी वेळ आली नाही."
घ्या!

१० जून
दोन्ही घेतल्या. नवरा म्हणतो, "एक उजव्या कानात घाल, एक डाव्या."

१२ जून
जिन्याच्या कठड्यावरून वाळूचं पोतं सोडलं, बाबांच्या वजनाचं. कडीतून ओढलं — ढिम्म. साध्या पुलीवर हललं, पण हात बदलायला गेले की सरसर खाली. दातवाली मात्र — आलं वर! धापा टाकत, पण आलं! दोर भिजवून फ्रीजरमध्ये कडक केला, परत ओढला. धरते! ठरलं एकदाचं.
सासूबाई खालून बघत होत्या. "आणि गाठींचं काय?"
"कुठल्या गाठी, आई?"
"दोघंच असले की दोरावर गाठी मारतात. गाठ भेगेच्या काठच्या बर्फात रुतते, म्हणून वरचा माणूस खाली ओढला जात नाही. ती पुलीतून जाईल?"
आणि गेल्या आत. आईंना हे कसं माहीत?

१३ जून
डोकं भणभणतंय. गाठी मारल्या तर पुली अडणार. नाही मारल्या तर बाबांमागोमाग मीही खाली. दुकानदार म्हणाला, वेगळा दोर पुलीसकट खाली सोडायचा, पडलेल्याने ती स्वतःच्या पट्ट्याला अडकवायची.
"आणि तो शुद्धीत नसला तर?"
तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१५ जून
जेवताना बोलूनच टाकलं. "बाबा, मी नाही येत. माझ्याच्याने नाही व्हायचं."
बाबांनी ताट सरकवलं. "मग एकटा जातो."
नवरा भडकला. बाबा त्याच्यावर भडकले. आई मात्र पाणी ओतत म्हणाल्या, "तिघं असले की गाठी लागत नाहीत. वर दोघांचं वजन पुरतं."
"तिसरा कोण मिळणार आता?" — बाबा.
"लग्न झाल्यावर तुमच्या दोरावर कोण असायचं?"
मग नवऱ्याकडे बोट दाखवून आई हळूच म्हणाल्या, "हा झाला तेव्हा म्हणालात, यंदा नको. पुढे कधी विचारलंच नाहीत."
नवरा आईकडे बघतच राहिला — त्याला यातलं काही माहीत नव्हतं!

१८ जून
आईंनी दातवाली पुली बोटाने फिरवून बघितली. बराच वेळ. "गुळगुळीत आहे गं." दिवसभर जिना चढ-उतार चाललाय त्यांचा. बाबा बाहेर जाऊन आले, आईंच्या मापाचे बूट घेऊन.
मला अजून धाकधूक. आता दोघांची काळजी.

४ जुलै, तंबूत
पडले — मी! इतके दिवस माझ्या डोक्यात फक्त बाबाच पडत होते. खाली सगळं निळं, पाय अधांतरी. आणि वरून आईंचा आवाज — "अहो, रडताय काय! ओढा!"