उन्हाळा सूर्य जवळ आल्यानं होत नाही, मामा

मामा,

सासऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात, म्हणून मामा. आधी ‘आदरणीय’ लिहिलं होतं, खोडलं. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत, तुम्हाला आदरांजली वाहताना, क्रांती चौकातले तुमचे मित्र माईकवर म्हणाले, “विज्ञानवादी माणूस गेला!” मी चहाचे कप गोळा करत होते. हसू दाबता दाबता हातातला एक फुटला. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं.

विज्ञानवादी! तुम्ही?

सोयरीक जमली तेव्हा “सून बीएस्सी हाय” हे तुम्ही पडेगावभर सांगत फिरलात. लग्न झाल्यावर नोकरी नको म्हणालात. बरं. मी गल्लीतल्या पोरांना आपल्याच गच्चीवर शिकवायला लागले. तेवढंही का सोसलं नाही तुम्हाला?

ती संध्याकाळ आठवते? मी मोसंबीत विणायची सुई आरपार घातली होती आणि ती तिरकी धरून दिव्याभोवती फिरवत होते. “पृथ्वी स्वतःभोवती फिरते तो दिवस. सूर्याभोवती फिरते ते वर्ष. आणि अशी कललेली राहून फिरते, म्हणून ऋतू. आपली बाजू सूर्याकडं झुकली की ऊन सरळ पडतं, दिवस मोठा होतो, उन्हाळा येतो.”

तुम्ही जिन्यात उभे होतात. “काय बी शिकवू नगं. सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा. एवढं बी कळंना व्हय?”

मी म्हणाले, “मामा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीत. तेव्हा तर आपण स्वेटर घालतो.”

केवढा गुन्हा! पोरांसमोर सुनेनं चूक दाखवली. तुम्ही माझ्या हातातली मोसंबी घेतलीत, सुई उपसून फेकलीत आणि तिथंच सोलून खाल्लीत. बिया गच्चीवर थुंकलात. मग घरोघर जाऊन सांगितलंत, “सूनबाई उलटंसुलटं शिकवती, पोरं पाठवू नका.” दुसऱ्या दिवशी गच्ची रिकामी! तुमचे चिरंजीव म्हणाले, “जाऊ दे, मोठे आहेत ते.”

मोठे! एकदा पुस्तक तरी उघडायचं होतं, मामा. पोरांच्याच दप्तरात होतं की.

काल आपल्या शहरात शून्य सावलीचा दिवस होता. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो, असं तुम्ही छातीठोक सांगायचात. नाही येत. पृथ्वीच्या त्या कलण्यामुळं आपल्या इथं वर्षातून दोनदाच येतो तो अगदी डोक्यावर. मागं राहिलेले पाहुणे खाली जेवत होते. मी आत्याबाईंना, तुमच्या बायकोला, हात धरून गच्चीवर नेलं. त्या पायाकडं बघत उभ्या राहिल्या. सावली आखडत गेली आणि पावलांखाली शिरली.

“आगं, माझी सावली कुटं गेली?”

मी मूठ तिरकी धरून सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं. तुमच्यापेक्षा किती नीट!

“म्हंजे उन्हाळ्यात सूर्य जवळ येतच नाय?”

“नाय, आत्या. उलट थोडा लांबच असतो.”

“आन् हे मला जन्मभर म्हणत व्हते, तुला काय कळतंय!”

त्या हसल्या. लई हसल्या. शेवटी पदरानं डोळे पुसले. ते तुमच्यासाठी होतं, असं समजू नका. मग कठड्यापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली, “अय, उद्यापासून पोरं पाठवा गं सूनबाईकडं! बघतेच कोण अडवतं ते!”

आज सकाळी पोरं आली, मामा. तुमच्या फोटोसमोरून, चपला वाजवत, थेट वर.

आता एक वचन देते. फोटोला रोज फूल मिळेल, त्यात कसर करणार नाही. पण तुमची नात मोठी होऊन विचारेल, आजोबा कसे होते, तेव्हा ज्ञानी होते असं खोटं सांगणार नाही. सांगेन, ते चुकले. चुकतं माणूस. पण कुणी चूक दाखवली की त्यांना खपायचं नाही. आणि तिला बजावून ठेवेन, मी चुकले तर तिथंच टोक मला. पोरांसमोर.

तुमची सून,
वैशाली