दीड इंच डावीकडे

काचीगुडा, हैदराबाद
५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
चारूचा सा. न. वि. वि.

मी सातवीत असताना अप्पा अंगणात म्हणाले होते, गाडी झुकलेली दिसली की आधी जमीन बघावी, मग गाडी. ते वाक्य आता ते माझ्यावरच उलटवताहेत.

आपली जुनी फियाट मागून डावीकडे बसली आहे. अप्पा म्हणतात, अंगणाला मोरीकडे उतार आहे, आणि तुझी मान वाकडी आहे. थट्टेचं मला काही वाटत नाही. पण चोवीस तारखेला ते इंदुआत्याला याच गाडीतून उदगीरला लग्नाला नेणार आहेत. दोनशे किलोमीटर, सगळा लॉऱ्यांचा रस्ता आणि अप्पा एकोणऐंशीचे. आत्या नेहमीसारखी मागे डावीकडे बसणार, कारण तेवढीच काच खाली होते.

फोन ते स्पीकरवर लावतात, म्हणून पत्र. काय काय बघायचं ते लिही. नीलिमावहिनीचा पाय कसा आहे?

तुझी माया आहे, म्हणूनच त्रास देते.
चारू


पुणे
१० नोव्हेंबर २०२५

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

स्टेअरिंगला घाबरून तू गाडी शिकणं सोडलंस आणि आता तिची डॉक्टर झालीस, हे छान. नीलिमाचं प्लॅस्टर अजून तीन आठवडे आहे, नाहीतर मीच आलो असतो.

अप्पांचंच वाक्य धर. डिकी रिकामी कर, दोन्ही चाकांत हवा सारखी भरून घे. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोज. मग गाडी वळवून त्याच जागी उभी करायला लाव आणि पुन्हा मोज. उताराचा दोष असेल तर बसलेली बाजू बदलेल. नाही बदलली, तर गौलीगुड्याच्या यादगिरी मिस्त्रीकडून मागचे कमानपाटे, म्हणजे गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगा, डाव्याचे उजवीकडे, उजव्याचे डावीकडे करून घे. दमलेला पाटा जिकडे जाईल तिकडे गाडी झुकेल. बहुतेक तेच असेल, घाबरू नकोस.

तरीही डावीकडेच बसली, तर पाटा गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे बघायला सांग. आणि दोष तिथे निघाला, तर अप्पांना चालवू देऊ नकोस. कसं, ते मला विचारू नकोस. मला पन्नाशीतही जमलेलं नाही.

घरातल्या सगळ्यांना सांभाळ, त्यात तूही आलीस.
गौतम


काचीगुडा
१९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दीड इंच डावीकडे. वळवली, तरी दीड इंच डावीकडे. काल पाटे बदलले. जॅकवरून गाडी खाली आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. डावीकडेच.

यादगिरीने डिकीतली चटई उचलली. खालचा पत्रा पापडासारखा त्याच्या हातात आला. पाट्याचा जोड त्यातून वर डिकीत घुसला आहे. कोपऱ्यात पांढरे खडे होते. त्याने एक जिभेला लावला आणि मीठ आहे म्हणाला.

दादा, ते आईच्या लोणच्याचं मीठ. दर उन्हाळ्यात बेगम बाजारातून गोणी यायची, डिकीत डावीकडे, कारण उजवीकडे स्टेपनी. सांडलेलं मीठ आई झाडू द्यायची नाही. मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणायची आणि तांब्याभर पाणी ओतून विरघळवायची. तीस वर्षं. आठवतं, तांब्या मीच आणून द्यायचे.

यादगिरी म्हणाला, नवा पत्रा बसवायला महिना लागेल, तोवर बाहेर काढायची नक्को म्हणजे नक्को. अप्पांनी शांतपणे ऐकलं. चटई पुन्हा अंथरली, तिच्यावर एक फळी ठेवली, हात धुतले. जेवताना म्हणाले, इतकी वर्षं चालली, अजून दोनशे किलोमीटर चालेल. तिचं मीठ मला रस्त्यात दगा देणार नाही.

तू एकदा अप्पांशी बोल.

चारू


काचीगुडा
२२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांच्या चरणी,
बालके चारूचा शि. सा. न.

एकाच घरातून पत्र लिहिते आहे, हसा. पण मी बोलायला लागले की तुम्ही पेपर उघडता, आणि दादा बोलायला लागला की फोन ठेवता.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. तिने लग्नासाठी साडी काढून ठेवली आहे आणि अप्पा आहे तर मला कसली काळजी, असं शेजारी सांगत फिरते आहे. टॅक्सीचं नाव काढलं की तुमचा चेहरा उतरतो, तेही मला दिसतं. म्हणून किल्ली मागत नाही.

मला चाक निखळण्याची भीती आहेच. पण डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच. झहीराबादच्या अलीकडे कुठेतरी खालून आवाज येतो आणि तुम्ही मान वळवून मागच्या सीटकडे बघता. पुढचं मला बघवत नाही.

तुमचा शब्द या घरात कोणी मोडलेला नाही, मीही मोडणार नाही. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक असूनही एवढंच मागते. सोमवारी निघाल तेव्हा आत्याला पुढे घ्या, आणि मागे डावीकडे, त्या फळीच्या जवळ, मला बसवा.

तुमची
चारू