पडद्यावर न दिसलेली होडी

जहाजाच्या कप्तानसाहेबांस,

धुक्यात तुमच्या जहाजाखाली आलेली होडी माझ्या मुलाची. "रडारवर काहीच दिसलं नाही," असं तुम्ही कोर्टात सांगितलंत, तेव्हा सूनबाईने तुम्हाला शिव्याशाप दिले. पण तुम्ही खरं बोललात. होडी रडारवर दिसावी म्हणून डोलकाठीला टांगायचा पत्र्याचा रिफ्लेक्टर आमच्या घरी, नातीच्या पाळण्यावर लुकलुकतोय, बालकवितेतल्या चांदणीसारखा. मुलाने तो दुरुस्तीला घरी आणला, आणि पोर त्याच्याकडे बघून रडायची थांबली. सूनबाईच म्हणाली, "अहो, राहू द्या की आजचा दिवस!" मुलगा हसत तसाच गेला.

तिच्या लेखी तो नुसता चकचकीत पत्रा. रोज विचारते, "बाबा, त्या मेल्याला तुरुंग होईल ना?"

मी म्हणतो, "होईल, पोरी."

तिचा सासरा