नव्व्याण्णव खोखे

१२ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोहीम म्हटली की लेखी नोंद हवी.
वालूरहून निकिताचा फोन आला होता. योगीराजची सून. म्हणाली, काका, मामांचं आता काई खरं न्हाई, डॉक्टरनं घरी न्या म्हणलं, तुमची लय आठवण काढायलेत.
योगीराज माझा फौजेतला जोडीदार. रिकाम्या हातानं जाणार नाही. त्याला शेवटची सलामी मी देणार. एक राउंड, एसएलआर रायफलीचा. प्लॅन तयार आहे.

१२ जानेवारी, संध्याकाळ
ट्रंकेच्या तळाशी खोखा सापडला. सापडला म्हणजे, कुठे आहे ते माहीत होतंच.
एसएलआर झाडली की रिकामं पितळी नळकांडं आपोआप बाहेर उडतं आणि पुढची गोळी चढते. ते नळकांडं म्हणजे खोखा. फौजेत एकेक खोखा मोजून जमा करावा लागतो. १९८६ च्या फायरिंगला राउंड मिळाले शंभर, खोखे जमा झाले नव्व्याण्णव. शंभरावा माझ्या खिशात. आठवण म्हणून घेतला होता, दुसरं काही नाही. गिनती योगीराजच्या नावावर होती. त्याला अठ्ठावीस दिवस कोठडी झाली, नाईकाची फीत गेली. मी दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी पाऊस होता.

१३ जानेवारी
हाच खोखा पुन्हा भरायचा. बुडाला ठिणगीची नवी टोपी, आत नवी बारूद. गोळी नको, नुसता आवाज. मला यातलं सगळं कळतं. पावणेचार वर्षं शस्त्रागारात काढली आहेत.
पंचफुला म्हणाली, तुमी तर ब्लँकेटं वाटायला होता की.
ब्लँकेटांचं स्टोअर शस्त्रागाराला लागूनच होतं. भिंत एकच. बायकोला फौजेतलं काय कळतं?
रायफलीचं नंतर बघू. एका वेळी एक काम.

१५ जानेवारी
परभणीला जाऊन आलो. बंदुकीच्या दुकानदारानं आधी खोखा पाहिला, मग रस्ता पाहिला. म्हणाला, काका, हे मिलिटरीचं हाय. भरून देणं सोडा, म्या हे बघितलं बी न्हाई. जेलात जाल. आन् रायफल कुठंय? मी म्हणालो, होईल. चहा पाजला त्यानं, पण खोखा खिशात घातल्यावरच. भित्रा माणूस.
स्टेशनवर सेलूची गाडी उभी होती. सेलूहून वालूर काही लांब नाही. पण अर्धवट तयारीनं जाणं शिपाईगड्याला शोभत नाही. घरी परत, पूर्णेची गाडी धरली.

१६ जानेवारी
खोखा चिंचेनं घासला. बाहेरून सोन्यासारखा. आतून अजून काळा.
दिवाळीचे फटाके उरलेत का, विचारलं. पंचफुलानं सगळे बादलीत बुडवले. घरात सहकार्य शून्य.

१७ जानेवारी
योगीराजचा स्वतःचा फोन. आवाज ओळखूच आला नाही. म्हणाला, व्यंक्या, ये की बे. हरभरा भरलाय, ढाळे खाऊ. मी म्हणालो, सोमवारी नक्की. तो म्हणाला, सोमवार लय लांब हाय रे.
रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

१९ जानेवारी, सोमवार
गुडघा.
पंचफुलानं पहाटेच दशम्या बांधल्या होत्या. म्हणाली, ते पितळ चुलीत घाला आन् माणूस बघून या. तुमी भ्यायलात. मी तिच्यावर ओरडलो. दशम्या दुपारी मीच खाल्ल्या.

२० जानेवारी, दुपार
निर्णय. बारूद नाही, सलामी नाही. खोखा त्याच्या हातात ठेवायचा आणि सांगायचं. वाक्य पाठ केलं: योग्या, तो खोखा माझ्या खिशात होता. सहा शब्द. चाळीस वर्षं कशाला लागली कोण जाणे.
उद्या पहिली गाडी.

२१ जानेवारी, सकाळी ६
चप्पल घालत होतो, निकिताचा फोन आला. योगीराज पहाटे गेला.

२२ जानेवारी
काल वालूरला पोचलो तेव्हा त्याला बाहेर आणलं होतं. चेहरा एवढासा. सलामी नव्हती. गावातल्या एका माजी सैनिकानं मोबाइलवर बिगुल लावला. मध्येच त्याला कॉल आला, पुन्हा पहिल्यापासून लावला. मी सावधान उभा होतो, हात मात्र खिशात.
स्मशानातून परतल्यावर निकिता जवळ आली. म्हणाली, मामा शेवटपर्यंत तीच गोष्ट सांगायचे बघा. खोखं हरवलं तवा सगळे दमून बसले, पर व्यंक्या माझ्यासाठी गुडघे फुटेस्तोवर गवतात शोधायला होता, असा दोस्त मिळत न्हाई. मग तिनं विचारलं, काका, सापडलं का हो ते कधी?
सहा शब्द पाठ होते.
मी म्हणालो, नाही बाई. लय शोधलं.
तिनं घरच्या हरभऱ्याचे ढाळे पिशवीत घालून दिले. मामांनी तुमच्यासाठी ठेवायला लावले होते, म्हणाली. गाडीत पिशवी मांडीवरच होती. फार रडू आलं.
पंचफुलानं सदरा धुवायला घेतला, खिशातून खोखा काढून ट्रंकेवर ठेवला.
नोंद: राउंड शंभर. खोखे जमा, नव्व्याण्णव.