पट्टी उतरवून

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या हनुवटीला आज सकाळी झालेल्या जखमेची रीतसर तक्रार तुझ्याकडे नोंदवत आहे, कारण आरोपी तुझ्या पक्षाची आहे. वरच्या मजल्यावरचे दातांचे निवृत्त डॉक्टर बरोबर माझ्या दाढीच्या वेळी तुझ्या लाडक्या गायिकेची, तारसप्तकात रमणाऱ्या त्या तारवालीची, रेकॉर्ड लावतात. दुसऱ्या कडव्यात बाई शिडी लावून वर चढतात आणि शेवटच्या पायरीवर माझा वस्तरा घसरतो. माझ्या आवडत्या गायिकेने, खालच्या सुरांत गाणाऱ्या खर्जवालीने, कधी कुणाचे रक्त काढले नाही. चार स्वरांच्या खोलीत राहते, पण खोली कशी नीट लावलेली! तुझी बाई सात मजली बंगल्यात नुसती जिने चढत असते.

आपली पैज शाबूत आहे. तारवाली मोठी, असे मला मनापासून वाटले, तर मी ते पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे आणि तू ते तुझ्या गाण्याच्या वर्गात भिंतीवर लावायचे. इतकी वर्षे पुठ्ठा कोराच आहे.

मंगळवारी तुझ्या घशातली गाठ काढणार. तोवर तुला बोलायला बंदी आहे, असे भाऊजी फोनवर म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज जरा जास्तच आनंदी वाटला. म्हणून हे पत्र. घाबरू नकोस. मी घाबरलेलो नाही, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडले आहे.

लोभ आहेच, भांडण असू द्यावे.

तुझा
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाठ साधी निघाली. बोलता येते, त्यामुळे हे पुन्हा वर्तमानपत्रामागे लपू लागले आहेत.

पण वरचे मजले गेले रे. तसे होईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तुला कळवले नाही. परवा न्हाणीघराचे दार लावून तारवालीचे तेच गाणे धरले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक. चढायला गेले तर नुसती हवा. पुन्हा केले, पुन्हा हवा. बाहेरून ह्यांनी विचारले, नळाला पाणी नाही का.

वर्ग बंद केला. गाऊन दाखवता येत नाही तर शिकवू काय, बोट वर करून? पेटीवर कापड घातले आहे. तुझ्या बाईच्या खोलीत राहायला आले म्हण. जिंकलास. मात्र बजावून ठेवते, माझी कीव येऊन पैज हरायची नाही. तसला पुठ्ठा आला तर त्यावर भाजी चिरीन.

दाढी जपून कर. माया होती तशीच आहे.

तुझी
ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. कुणाशी तरी भांडणे भाग होते आणि वरचे डॉक्टर सोयीचे होते. पुन्हा कापलेल्या हनुवटीला कापूस लावून त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो की ही बाई तरी बंद करा, नाहीतर माझे दात तरी काढा. त्यांनी सवयीने मला खुर्चीत बसवले, मान मागे करायला लावली, जखम पाहिली आणि दुसरीच रेकॉर्ड लावली. म्हणाले, हे तिच्या उतारवयातले, शेवटच्या मैफलीतले.

गाणे तेच, पण पट्टी चांगली दोन स्वर उतरवलेली. मनात म्हटले, आता दुसऱ्या कडव्यात फजिती बघू.

ताई, ती चढलीच नाही. शिडीपाशी थांबली. श्वास घेतला, तो ऐकू येतो. आणि ती ओळ खालच्या स्वरात, कुणाच्या कानात सांगावी तशी म्हणून पुढे गेली. सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. मी घरी आलो तेव्हा चहा निवला होता आणि तो मी तसाच प्यायलो.

इतकी वर्षे आपण दोघे तिचे मजले मोजत बसलो. तू कौतुकाने, मी कुचकेपणाने. खर्जवालीला खोली लहानच मिळाली होती. हिने अख्खा बंगला सोडला आणि एका खोलीत संसार मांडला. माझ्या बाईला हे जमले असते का, ठाऊक नाही.

ही कीव नव्हे. कीव आली असती तर फळे पाठवली असती. तूही पट्टी उतरव. वर्गातल्या पोरी तरुण आहेत, चढतील आपापल्या. शिडीपाशी थांबावे कसे, ते त्यांना कोण दाखवणार?

सोबत पुठ्ठा. शाई कच्ची आहे, भाजीला रंग लागेल. पैजेप्रमाणे तो वर्गाच्या भिंतीवर लागायला हवा, आणि बंद वर्गात लावलेला मी धरणार नाही. खिळा पाकिटात आहे.

लोभ ठेव, आणि फोन कर.

तुझा हरलेला
धाकटा