फाटकाबाहेरचा वर्ग

मी, वांडा सिएलेवित्झ, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार हार्लो क्रीक, पेनसिल्वेनिया. शरीर आजारानं पोखरलंय, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी कान भरलेले नाहीत. भरायला उरलंय कोण? हे मृत्युपत्र मुख्यतः माझ्या घरासाठी. समोरच्या सेंट ऑडिलिया शाळेतल्या गरीब, मागे पडलेल्या मुलांची शिकवणी येत्या सप्टेंबरपासून जागेअभावी बंद पडणार आहे. ती पडू नये.

१. अंत्यविधीचा खर्च जाऊन उरेल ते आणि मोटार भाचा झेनोन याला. "आत्या, घर विकून टाक, मजेत राहा," असं तो दर ख्रिसमसला म्हणायचा. घर त्याला नाही. राग आला तर येऊ दे.

२. अक्षरांचे ठोकळे आणि फळा शिकवणीला. खासगी शाळेतल्या गरीब मुलांना शिकवायची जबाबदारीही कायद्यानं सरकारी शाळामंडळाचीच. ती मेहेरबानी नव्हे. पण शाळा पडली चर्चची. सरकारी शिक्षकानं तिथे आत जाऊन शिकवायचं नाही, असा तेव्हा कोर्टाचा निकाल होता. मी मंडळाची शिक्षिका, म्हणून बारा वर्षं मी फाटकाबाहेर, रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीत शिकवलं. थंडीत मुलं कुडकुडत यायची. एकीनं विचारलं, "बाई, आम्हाला बाहेर का काढलंय?"

३. ताईची जपमाळ आणि फोटो तिच्या मठाला परत. याच शाळेची मुख्याध्यापिका सिस्टर ल्युडमिला ही माझी सख्खी थोरली बहीण, हेलाताई. दुपारी ती फाटकावरून सूपचा डबा द्यायची.

"अगं, एक पाय आत टाकलास तर सरकार बुडेल का?"

"सरकार नाही ताई, माझी नोकरी बुडेल."

आम्ही दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून जेवायचो.

४. शाळामंडळाचे श्री. हाल्डेन यांना काहीही नाही. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत ताई शाळेच्या व्हरांड्यात कोसळली. मी धावत आत गेले. तिचं डोकं मांडीवर घेतलं तर म्हणते कशी, "वांडे, बाहेर जा. नोकरी जाईल तुझी." तेच तिचे शेवटचे शब्द. आठवड्यानं हाल्डेनसाहेबांनी लेखी खुलासा मागितला : शाळेत प्रवेश का केला? मी लिहिलं, "बहीण मरत होती." जूनमध्ये कोर्टानं तो नियमच उठवला. मी फाटकातून सरळ आत गेले, कुणी अडवलं नाही. आत ताई नव्हती. फार रडले त्या दिवशी.

५. राहतं घर शाळामंडळाला, एका अटीवर : पुढच्या खोलीत या मुलांची शिकवणी चालावी. शिक्षक आणि खर्च मंडळाचा. भिंतीवर क्रूस नको, झेंडा नको. उगाच कुणा वकिलाचं पोट दुखायला नको. मंडळानं नाकारलं, तर घर विकून त्या पैशातून याच मुलांसाठी दुसरी खोली घ्यावी. हिवाळ्यात खोली आधी तापवून ठेवावी. आणि कुणाही मुलाला, आत का आलास, असं विचारू नये.

हे सर्व मी वाचून पाहिलं. सही माझीच.

वांडा सिएलेवित्झ

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली :
डेल्फिना ओर्टिझ, शेजारीण
थॅडियस ब्रॉडी, नळ दुरुस्त करणारा

हार्लो क्रीक, १४ मार्च २०१९